दाद मागण्याचे दार

यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्याविषयी मराठी वाचकांत दोन मते वर्षानुवर्षे शेजारी नांदत आली आहेत आणि ती एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. पहिल्या मताला २८ एप्रिल १९७६ ही एक तारीख पुरते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले, की आणीबाणी चालू असेपर्यंत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा असल्याची तक्रार घेऊन कोणत्याच न्यायालयाची पायरी चढता येणार नाही. जबलपूर खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात बहुमताच्या बाजूला चंद्रचूड होते. दुसरे मत म्हणते, की सात वर्षांहून अधिक काळ देशाचे सरन्यायाधीश राहिलेल्या, मिनर्व्हा मिल्स आणि मुंबईच्या फुटपाथवासीयांचा निकाल लिहिणाऱ्या माणसाला एकाच कागदावर तोलणे अन्यायाचे आहे. नांदेड-लातूरकडे हा वाद परका नाही. आणीबाणीच्या काळात राज्याचे मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते आणि स्थानबद्धतेच्या आदेशांवरच्या सह्या राज्याच्याच यंत्रणेतून होत होत्या. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव याच काळात तुरुंगात होते. म्हणजे आदेश काढणारे आपले आणि आत जाणारेही आपलेच. तरीही या वादात दोन्ही बाजू एकच प्रश्न विचारत राहतात: चंद्रचूड घाबरले होते की नाही? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. न्यायाधीशाचा वारसा त्याच्या धैर्यात शोधला की त्याने राज्यघटना कशी वाचली हे पाहायचे राहून जाते. आणि पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला येते ते वाचनच.

व्यक्तीवरच नजर खिळण्याची सवय फक्त आपली नाही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तहहयात असतात, त्यामुळे तिथे न्यायमूर्तीचे आजारपण हीच एक राजकीय घटना ठरते. सरन्यायाधीश रेनक्विस्ट २००५ साली कर्करोगाशी झुंजत असताना आणि न्यायमूर्ती गिन्सबर्ग २०२० साली अखेरच्या दुखण्यात असताना, खाटेवरच्या माणसापेक्षा त्याच्या रिकाम्या होऊ घातलेल्या खुर्चीची चर्चा अधिक झाली. आपल्याकडे पासष्टाव्या वर्षी निवृत्ती ठरलेली आहे, म्हणून असे सहसा होत नाही. एकदा मात्र होता होता टळले. १९७३ च्या मार्चमध्ये केशवानंद भारती खटल्याची सुनावणी शेवटाकडे आली असताना तेरा न्यायमूर्तींपैकी मिर्झा हमीदुल्ला बेग आजारी पडून रुग्णालयात गेले. सरन्यायाधीश सिक्री यांची निवृत्ती तोंडावर होती. सुनावणी लांबली असती तर पीठ मोडले असते आणि सात विरुद्ध सहा अशा एका मताने तरलेला मूलभूत चौकटीचा सिद्धांत कदाचित जन्मालाच आला नसता. एवढ्या मोठ्या गोष्टी एखाद्याच्या प्रकृतीवर अवलंबून असतात हे मान्य केले, की व्यक्तीच्या थोरवीवरचे बोलणे जरा आवरते घ्यावेसे वाटते.

आता भीतीचा मुद्दा. केशवानंद खटल्यात चंद्रचूड अल्पमतात होते. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मूलभूत चौकटीची मर्यादा आहे हे त्यांनी तेव्हा मानले नव्हते. पण १९७५ च्या जूनमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली, ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढण्यात आली. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी, म्हणजे आणीबाणी ऐन भरात असताना, ज्या न्यायमूर्तींनी त्या दुरुस्तीतले हे कलम रद्द ठरवले त्यांत चंद्रचूड होते. स्वतः अल्पमतात राहून नाकारलेला सिद्धांत आता कायदा झाला आहे, म्हणून तो त्यांनी स्वीकारला आणि एका व्यक्तीसाठी समतेचे तत्त्व बाजूला सारणे चौकटीत बसत नाही असे सांगितले. निवडणूक अखेर वैध ठरली हे खरे. पण पंतप्रधानांच्या सोयीची घटनादुरुस्ती त्यांच्याच राजवटीत उडवणारा माणूस पाच-सहा महिन्यांत एकाएकी भित्रा झाला, ही उपपत्ती माझ्या गळी उतरत नाही. चंद्रचूड यांनी स्वतः १९७८ साली एका भाषणात राजीनामा देऊन बाहेर पडण्याचे धैर्य आपल्यात नव्हते अशी खंत व्यक्त केली, ती माणूस म्हणून त्यांची बाजू उजळ करते. मात्र त्या खंतीतही कायद्याचा अर्थ तोच होता असा ग्रह शाबूत आहे. चूक नेमकी त्या ग्रहात होती.

इथे थोडे तपशिलात शिरावे लागेल. चीनच्या आक्रमणाच्या वेळी, १९६२ साली, राष्ट्रपतींनी कलम ३५९ खाली आदेश काढून काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित केली. त्या आदेशात एक अट होती: भारत संरक्षण कायद्याखाली हक्क हिरावला गेला असेल तर. १९६३ साली माखन सिंग खटल्यात न्या. गजेंद्रगडकर यांनी तो आदेश वाचला आणि म्हटले, की अटक त्या कायद्याच्या अटी मोडून झाली असेल किंवा दुष्ट हेतूने झाली असेल, तर दार बंद झालेले नाही. या वाचनाचे फळ मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांनी आत बसून ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली न्यायालयाने सरकारला विचारले: स्थानबद्धाने पुस्तक छापू नये असे तुमच्या नियमांत कुठे लिहिले आहे? तसे कुठेच नव्हते. हस्तलिखित बाहेर गेले. आणीबाणी जारी होती, आदेश लागू होता, माणूस गजांआड होता. तरीही एका वहीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले.

१९७५ च्या जूनमधल्या आदेशात ती अट ठेवलेली नव्हती. कलम १४, २१ आणि २२ साठी न्यायालयात जाण्याचा अधिकार सरसकट स्थगित झाला होता. बहुमताचा सारा इमला या फरकावर उभा राहिला. अट होती तेव्हा दार किलकिले होते, अट गेली तेव्हा ते बंद झाले, असा हा युक्तिवाद. वरवर पाहता तो बिनतोड दिसतो, आणि चंद्रचूड यांच्यासारख्या शिस्तीच्या कायदेपंडिताला तो पटावा यात नवल नाही. पण तो कुठवर जातो हे सुनावणीतच उघड झाले होते. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खासगी वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय, असे बहुमताबाहेर राहिलेले पाचवे न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले. आणीबाणी असेपर्यंत त्यावरही न्यायालयीन इलाज नाही, असे उत्तर महान्यायवादी निरेन डे यांनी दिले. एखादे वाचन अशा उत्तरापाशी पोहोचते तेव्हा थांबून आपण पहिली ओळ कुठे चुकीची वाचली हे शोधायला हवे. खन्नांनी ते शोधले. त्यांच्या भिन्नमतपत्राविषयी बोलताना आपण नैसर्गिक हक्क, सभ्य समाज अशा मोठ्या शब्दांत अडकतो. त्यातला एक साधा मुद्दा अधिक भेदक आहे. स्थगित झाला तो मूलभूत हक्कासाठी दाद मागण्याचा अधिकार; मिसा हा कायदा कुणी स्थगित केला नव्हता. तो संसदेने केलेला कायदा होता आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने काय करावे, काय करू नये हे त्यात लिहिले होते. अधिकारी त्या कायद्याबाहेर गेला तर तो संसदेचीच अवज्ञा करत होता. मग शब्दाला जागले कोण? राष्ट्रपतींच्या आदेशाचा शब्द धरून संसदेच्या कायद्याचा शब्द सोडणारे, की दोन्ही शब्द धरणारे खन्ना? चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात सरकार या अधिकाराचा अमानुष वापर करणार नाही अशी आशा शब्दबद्ध केली. आशा ही प्रार्थनेत शोभते. न्यायपत्रात तिला जागा शोधावी लागली, याचा अर्थ कायद्यातली जागा आधीच रिकामी केली गेली होती.

मराठवाड्याच्या इतिहासातून पाहिले तर ही चूक अधिक स्वच्छ दिसते. निजामाच्या राज्यात न्यायालये नव्हती असे कुणी म्हणू नये. न्यायखाते कारभारापासून अलग करण्याची सुधारणा त्या संस्थानात १९२१ सालीच झाली होती आणि तिचे कौतुकही झाले. जमिनीचा तंटा, वारसाचा दावा, सावकाराची वसुली यांसाठी न्यायाधीश होते, वकील होते, उर्दूत चालणारे कज्जे होते. पण परवानगीवाचून सभा घ्यायची नाही असे बजावणारे ‘गश्ती निशान त्रेपन्न’ जेव्हा लागू होते, तेव्हा त्या परिपत्रकाविरुद्ध कुणाकडे जायचे? ज्याचे फर्मान, त्याचाच न्याय. कायदा होता, कोर्ट होते, फक्त राज्यकर्त्याविरुद्ध उघडणारे दार नव्हते. आता जबलपूर निकालाचे तर्कशास्त्र या प्रदेशाला लावून पाहावे. जगण्याचा आणि मोकळेपणाचा हक्क केवळ राज्यघटनेच्या कलम २१ मधून येत असेल आणि ते कलम बाजूला ठेवताच उरत नसेल, तर २६ जानेवारी १९५० पूर्वी हैदराबाद संस्थानातल्या माणसाला तो हक्क नव्हताच. मग स्वामी रामानंद तीर्थांचे तुरुंगवास, १९३८ चा सत्याग्रह, सरहद्दीवरची शिबिरे हे सारे कशाच्या जोरावर होते? कोणत्या कलमाखाली? लोकांनी तो हक्क कुणी लिहून देण्याआधीच आपला मानला, म्हणून तर तो पुढे लिहिला गेला. ज्या प्रदेशाने हे प्रत्यक्ष जगून दाखवले, तिथल्या माणसाने तरी घटना म्हणजे हक्कांचे दानपत्र असे वाचन मान्य करू नये.

यावर गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. न्यायाधीशाने लिखित शब्दापलीकडे जायचे ठरवले तर त्याला आवरणार कोण? कलम ३५९ घटनाकारांनी डोळे उघडे ठेवून लिहिले. घटना समितीत १९४९ साली ह. वि. कामत यांनी जर्मनीच्या वायमार घटनेचा दाखला देऊन या तरतुदींना कडाडून विरोध केला होता. समितीने तो ऐकला आणि तरतूद ठेवली. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी ती पुसायची काय? आज संसदेपेक्षा न्यायालय मोठे झाल्याची तक्रार होते तेव्हाही हाच मुद्दा असतो, आणि तो निव्वळ सत्तेच्या सोयीचा आहे असे मी म्हणणार नाही. न्यायाधीशांनी शब्द सैल सोडून स्वतःच्या हाती अधिकार घेतल्याची उदाहरणे आहेत. न्यायाधीशांच्या नेमणुका न्यायाधीशांनीच करण्याची पद्धत घटनेच्या कोणत्या वाक्यात आहे ते मला तरी सापडलेले नाही. पण या आक्षेपाने जबलपूर निकाल वाचत नाही. तिथे कुणी तरतूद पुसा असे म्हणत नव्हते. त्याच आणीबाणीत, त्याच कायद्यांखाली मुंबई उच्च न्यायालयात काय झाले ते पाहावे. वकिलांनी घटनेवर चर्चा करण्यासाठी बोलावलेल्या सभेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली, तेव्हा डिसेंबर १९७५ मध्ये न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने तो नकार रद्द केला. १९७६ च्या फेब्रुवारीत न्या. मदन आणि न्या. कानिया यांनी मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकावरची सेन्सॉरची कात्री अडवली. या न्यायमूर्तींनी आणीबाणी बेकायदा ठरवली नाही. अधिकारी ज्या नियमाचा हवाला देतो तो नियम त्याला खरोखर एवढे करू देतो का, इतकेच तपासले. स्थानबद्धांच्या अर्जांवर देशातल्या ज्या उच्च न्यायालयांनी असाच विचार केला त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. जबलपूर निकालाने हे सारे पाण्यात गेले. इतके, की जानेवारी १९७७ मध्ये महाराष्ट्रातल्या स्थानबद्धांच्या तुरुंगातल्या वागणुकीविषयी उच्च न्यायालयाने दिलेला दिलासाही सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालाच्या आधारे काढून घेतला. एका हस्तलिखिताच्या वहीपासून इथवरचा प्रवास अवघ्या बारा वर्षांचा.

दुसरा आक्षेप चंद्रचूड यांच्या चाहत्यांचा: पुढच्या कामाचे काय? १९७८ मध्ये त्यांना सरन्यायाधीश नेमू नये असे मुंबईच्या काही नामवंतांनी जाहीरपणे म्हटले होते. जनता सरकारने ज्येष्ठतेचा नियम पाळला, आणि ते योग्यच झाले. सरन्यायाधीशपदासाठी खन्नांना डावलले गेले ते चूक असेल तर चंद्रचूडांना डावलणेही चूकच ठरले असते. मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० साली त्यांनी बेचाळिसाव्या दुरुस्तीतले जे कलम रद्द ठरवले, ते काय होते? घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे ते कलम. म्हणजे पुन्हा दाराचाच प्रश्न, आणि या वेळी उत्तर बरोबर. शाहबानो निकालावर बरेच लिहून झाले आहे. फुटपाथवासीयांच्या ऑल्गा टेलिस निकालापाशी मात्र थांबावे लागते. १० जुलै १९८५, निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा हा निकाल. अर्जदारांत संगमनेरहून आलेला एक चांभारकाम करणारा माणूस होता. गावातले घर पडले, म्हणून तो मुंबईत बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवर एका गुंडाला तीनशे रुपये देऊन त्याने आसरा मिळवला होता. दुष्काळात मुंबई-पुण्याची वाट धरणाऱ्या लातूर-नांदेडच्या मजुरापेक्षा त्याची कहाणी फार वेगळी नाही. चंद्रचूड यांनी लिहिले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ज्या कलम २१ ला १९७६ साली त्यांनी निष्प्राण मानले, त्यातच त्यांनी भाकरीचा अर्थ भरला. हे वाचन त्यांचेच आहे आणि ते मोठे आहे. पण त्याच निकालाने महापालिकेला पावसाळा सरल्यावर झोपड्या हटवायची मुभाही दिली. हक्क मान्य झाला, झोपडी गेली. चाहत्यांनी निकालाचा पहिला भाग पाठ करावा आणि दुसरा विसरावा हे बरे नाही.

न्यायाचे दार ही इकडच्या पक्षकाराला नुसती उपमा वाटत नाही, कारण ते अंतर त्याने पायाखाली घातले आहे. १९५६ साली मराठवाडा हैदराबादमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा त्याचे उच्च न्यायालयही मुंबईला गेले. नांदेडहून साडेपाचशे किलोमीटरहून लांब. कूळकायद्याचा किंवा नोकरीतल्या बडतर्फीचा दावा लढायचा तर प्रवास, मुक्काम, अनोळखी वकील आणि बुडालेली मजुरी हा खर्च निकालाच्या मोलापेक्षा मोठा व्हायचा. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले, तेव्हा त्यालाही घटनात्मक आव्हान मिळाले: राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे राष्ट्रपतींचा आदेश हवा, मुख्य न्यायमूर्तींना असे खंडपीठ बसवता येत नाही. कलमातली तीन पोटकलमे कशी जुळवून वाचायची हा तो वाद. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला. त्या निकालात शब्दांना धक्का लागलेला नाही. तेच शब्द, फक्त दार उघडे राहील अशा बाजूने वाचलेले. नांदेडचा माणूस आज रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सुनावणीला हजर राहतो ते या वाचनामुळे. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा आत्मा म्हणून एका कलमाकडे बोट दाखवले, ते समतेचे किंवा स्वातंत्र्याचे नव्हते. ते सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचे कलम होते, आजचे कलम ३२. मला वाटते, न्यायमूर्तीचे मोजमाप याच पट्टीने व्हावे. त्याने किती हक्कांना नावे दिली ही मोजणी दुय्यम आहे.

ही पट्टी लावली की आजचेही काही दिसते. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये कलम २० आणि २१ स्थगितीच्या कक्षेबाहेर काढले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या खटल्यात जबलपूर निकाल मोडीत काढला, आणि त्यातील मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे चिरंजीव. मुलाने वडिलांची चूक दुरुस्त केली, अशा कौटुंबिक कौतुकात वृत्तपत्रे रमली. पण मे २०२३ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालील पीठाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षात राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय समर्थनीय नव्हता असे म्हटले आणि मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला होता म्हणून काही करता येत नाही, असेही म्हटले. राजीनाम्याचा मुद्दा कायद्यात बसत असेलही. तरी चूक झाली पण इलाज नाही हा सूर ओळखीचा वाटतो. वारसा असाही चालत येतो.

यशवंतराव चंद्रचूड १४ जुलै २००८ रोजी गेले. त्यांच्याविषयी माझा निर्णय असा: १९७६ चे त्यांचे वाचन चुकीचे होते, शब्दाच्या शिस्तीच्या नावाखाली चुकीचे होते, आणि १९८० च्या निकालाने ते दुरुस्त होत नाही, दोन्ही त्यांच्याच नावावर राहतील. नांदेड-लातूरच्या विधी महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना एकच विनंती आहे. जबलपूर निकालाविषयीची मते वाचण्याआधी राष्ट्रपतींचे १९६२ आणि १९७५ चे दोन आदेश शेजारी ठेवून वाचा, मग संझगिरी खटल्याचा छोटा निकाल वाचा, आणि त्यानंतरच खन्ना व चंद्रचूड यांची निकालपत्रे उघडा.